पाठीला खाज आणि मणक्याचा एमआरआय

‘नोटाल्जिया पॅरेस्थेटिका’ हे माझ्या दुखण्याचं नाव. दुखणं म्हणायचं ते आपलं पद्धत म्हणून, नाहीतर दुखत काहीच नाही. खाजतं. डाव्या खांद्याच्या फऱ्याच्या आतल्या कडेला, तळहाताएवढ्या जागेत, जिथे दोन्हीपैकी एकही हात धड पोचत नाही. हे नाव केस पेपरवर उमटेपर्यंत ऑगस्ट उजाडला, आणि तोवर मी मराठीत जे जे शोधलं त्यात खरूज, नायटा आणि कडुनिंबाचा पाला याच्यापलीकडे काही हाती लागलं नाही. म्हणून जरा पाल्हाळ लावूनच लिहिते. मी फोर्टमधल्या एका ऑफिसात हिशेब बघते, डॉक्टर नाही. औषधांची नावं दिली आहेत ती मला काय मिळालं हे कळावं म्हणून. तुमची खाज वेगळी असू शकते.

सुरुवात २०२४ च्या मे महिन्यात झाली. मुंबईतला मे, भांडुपहून सकाळची लोकल, लेडीज डब्यात पाठीला पाठ चिकटलेली. घामोळं आलं असेल असंच कुणालाही वाटेल. पावडर लावून झाली. जूनमध्ये पाऊस आला, बाकीचं घामोळं गेलं, ही जागा राहिली. सासूबाईंनी खोबरेलात भीमसेनी कापूर घालून चोळायला दिलं. गार वाटायचं, पंधरा-वीस मिनिटं बरी जायची, मग पुन्हा सुरू. रात्री तर जास्तच. लाकडी फूटपट्टी, मुलाची बॅडमिंटनची रॅकेट, दाराची चौकट, सगळं वापरून झालं. नवऱ्याने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, “पुरळ नाही, फोड नाही, नुसतं काळवंडलंय.”

पुढे प्रत्येक डॉक्टरने पहिला प्रश्न हाच विचारला: आधी पुरळ आलं की आधी खाज आली? खाज सुरू झाल्याझाल्या त्या जागेचा एक फोटो काढून ठेवा. महिनाभर खाजवल्यावर जी त्वचा दिसते तिच्यावरून काही सांगणं कठीण असतं.

नाक्यावरच्या केमिस्टने न बघताच एक मलम पुढे केलं. ‘सगळ्यावर चालतं.’ बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकात. काळेपणा थोडा उजळला, खाज जशीच्या तशी. अशी बरीच स्टेरॉइड मलमं २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पण नाक्यावर चिठ्ठी विचारतो कोण!

जुलैत त्वचेच्या एका खाजगी डॉक्टरांकडे गेले. तपासणीचे आठशे रुपये. आधी सेटिरिझिन दिली, ॲलर्जीवरची गोळी. तिने खाज सोडून बाकी सगळं झोपवलं. संध्याकाळच्या गाडीत पेंगत भांडुप मागे टाकून ठाण्याला उतरले. मग झोप न आणणारी फेक्सोफेनाडिन दिली. फरक शून्य. थोडा नाही, बराच नाही, शून्य. हे डॉक्टरांना नीट सांगा. ‘तसं बरं आहे जरा’ असं भिडेखातर म्हणू नका, कारण माझ्या बाबतीत पुढचा सगळा शोध त्या शून्यावरूनच लागला.

सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली की खाज जुनाट धरतात. म्हणून रक्ताच्या तपासण्या झाल्या: हिमोग्राम, साखर, थायरॉइड, किडनी, लिव्हर, लोह. लॅबचं बिल अडीच हजारांच्या आसपास. किडनी निकामी होत आली, पित्ताचा मार्ग तुंबला किंवा रक्ताचे-लसिकाग्रंथींचे काही कॅन्सर असले तर त्वचा स्वच्छ असूनही अंग खाजतं, ते वगळायचं होतं. माझं सगळं नॉर्मल आलं. तशी एकाच जागेची खाज असल्याने डॉक्टरांना त्याची फारशी शंका नव्हतीच, पण मी रिपोर्ट हातात येईपर्यंत दोन रात्री जागून काढल्या.

आमच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च मिळत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जा, तिथे शिकवणारे डॉक्टर असतात, वेळ जातो पण नीट बघतात. ऑगस्टमध्ये एक दिवस रजा टाकली.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. केस पेपरची खिडकी उघडायच्या आधीच रांग लागलेली असते, मी साडेसातला पोचले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली होती. केस पेपर नाममात्र पैशात निघतो, पण सुटे हवेत. आधार कार्ड जवळ असू द्या. ‘कुठला विभाग?’ असं विचारतात तेव्हा नुसतं ‘खाज’ म्हणू नका, ‘स्किन’ म्हणा, म्हणजे आकडा पटकन पडतो. मग त्या विभागाच्या दारात पुन्हा वेगळा नंबर. तिथल्या मावशी नावं पुकारतात आणि एकदा पुकारलेलं नाव हुकलं की गेलंच, त्यामुळे चहाला जाताना शेजारणीला सांगून जा. आणि मागून पूर्ण उघडता येईल असं काहीतरी घाला. मी चेनवाला ड्रेस घालून गेले होते, माझ्यापुढच्या बाईंचा ब्लाउज काढण्यात पाच मिनिटं गेली आणि पडद्याबाहेरून घाई चालू.

माझा नंबर साडेअकराला लागला. निवासी डॉक्टर म्हणजे मुलाहून चार-पाच वर्षांनी मोठी मुलगी.

“काकू, गोळीने काहीच फरक नाही? थोडासुद्धा नाही?”

“नाही.”

“मग छान,” ती म्हणाली. मला राग आला होता, ते तिला दिसलं असावं, कारण ती हसली आणि म्हणाली, “मान खाली घाला.”

मान वाकवली की तिच्या मुळाशी एक मणका वर उचलून येतो. तो तिने बोटाने धरला आणि तिथून खाली एकेक मणका मोजत आली. मग कापसाची वळलेली वात खांद्यापासून कमरेपर्यंत फिरवली, ‘लागतंय का, लागतंय का’ विचारत. नंतर पिन. फऱ्याच्या आतल्या बाजूला एका टप्प्यात पिन बोथट लागायला लागली. टोचतेय हे कळत होतं, पण जाड फडक्यावरून टोचावी तशी. जिथे जिथे बोथट लागली तिथे तिने बॉलपेनने टिंबं काढली आणि शेवटी ती जोडली. घरी नवऱ्याने फोटो काढला: एक लांबट निळा आकार, आणि काळवंडलेला भाग बरोबर त्याच्या आत.

“त्वचा ठीक आहे तुमची. नस तक्रार करतेय, रक्ताची नाही, संवेदना नेणारी नस,” असं म्हणून तिने केस पेपरच्या मागे चित्र काढलं. पाठीच्या वरच्या भागात, छातीच्या दुसऱ्या ते सहाव्या मणक्याच्या पातळीवरून निघणाऱ्या नसांच्या काही फांद्या मागे पाठीच्या त्वचेकडे येतात. येताना त्यांना पाठीच्या जाड स्नायूंमधून जवळजवळ काटकोनात वर यावं लागतं. तिथे किंवा मणक्याच्या तोंडाशी नस चेपली, ताणली गेली की ती आपणहून संदेश सोडायला लागते. मेंदूला वाटतं संदेश त्वचेकडूनच आलाय, कारण त्या नसेचं दुसरं टोक त्वचेत आहे. इंडिकेटर बिघडला की प्लॅटफॉर्मवर गाडी नसताना ‘ठाणे स्लो’ झळकत राहते ना, तसं. आणि मी इतके महिने रुळावर मलम लावत होते.

गोळीचा उपयोग का झाला नाही तेही तिने सांगितलं. डास चावला किंवा अंगावर पित्त उठलं की त्वचेतल्या पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, ते मज्जातंतूंच्या टोकांना चेतवतं आणि खाज सुटते. सेटिरिझिनसारख्या गोळ्या हिस्टामिनची वाट अडवतात. पण खाजेला दुसऱ्याही वाटा आहेत. “खाजकुयली माहितेय ना?” तिने विचारलं.

माझं माहेर कणकवलीकडचं, मला खाजकुयली माहीत नसेल? पावसाळ्यानंतर कुंपणावर त्या लव असलेल्या शेंगा लोंबायला लागल्या की आई आम्हाला त्या वाटेने जाऊ द्यायची नाही. वाऱ्यावर उडून आलेली लव मानेला लागली तरी माणूस वेडापिसा होतो. त्या लवेत प्रथिनं तोडणारं एक रसायन असतं, त्याला म्युक्युनेन म्हणतात. ते हिस्टामिनला मध्ये न घेता त्वचेतल्या मज्जातंतूंना थेट उठवतं. संशोधकांनी स्वयंसेवकांच्या हातावर एकदा हिस्टामिन आणि एकदा खाजकुयलीची लव लावून पाहिलं तर दोन्ही वेळा मुख्यतः वेगवेगळ्या जातीचे तंतू जागे झाले. म्हणजे खाजेचे हे दोन रस्ते निदान सुरुवातीला तरी अलग आहेत. माझ्या पाठीत तर सुरुवातच त्वचेत नव्हती.

केस पेपरवर त्या लांबलचक नावापुढे एक प्रश्नचिन्ह आलं. ते काढायला दोन गोष्टी सांगितल्या: बायोप्सी आणि मणक्याचे फोटो.

बायोप्सी ऐकून धसका घेऊ नका. पाठीवर तपकिरी डाग पडायचं आपल्याकडे आणखी एक कारण असतं, मॅक्युलर अमिलॉइडोसिस, म्हणजे त्वचेत अमिलॉइड नावाचं बिघडलेलं प्रथिन साचणं. नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षं पाठ घासणाऱ्यांत तो बराच दिसतो. तो आहे का ते बघायचं होतं. संमतिपत्रावर सही, बधिर करायचं इंजेक्शन (चुरचुरतं ते तेवढंच), पेन्सिलच्या टोकाएवढा गोल तुकडा, एक टाका. कांगो रेड नावाचा रंग लावून तुकडा बघतात, अमिलॉइड असेल तर ध्रुवित प्रकाशात हिरवं चमकतं. माझं नाही चमकलं. रिपोर्ट दोन आठवड्यांनी मिळाला, दुपारच्या ठरावीक वेळेत आणि बायोप्सीच्या दिवशी दिलेली चिठ्ठी दाखवल्यावरच. त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. माझ्यासमोर एक आजोबा चिठ्ठी पावसात भिजली म्हणून परत गेले.

मग स्किनमधून न्यूरोलॉजीला, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या विभागात, पाठवणी. न्यूरोलॉजीची ओपीडी रोज नसते, वार विचारून घ्या. तिथल्या डॉक्टरांनी हातापायांची ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, लघवीवर ताबा आहे ना, चालताना तोल जातो का हे विचारलं. यातलं काही असेल तर थांबायचं नसतं, असं त्यांनी निक्षून सांगितलं. माझं काही नव्हतं. एक्स-रे त्याच दिवशी झाला, एमआरआयची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. बाहेर सहा-सात हजारांत दुसऱ्याच दिवशी झाला असता. डॉक्टर म्हणाले घाई नाही, म्हणून थांबले.

त्या दीड महिन्यात मी लोकलमध्ये मोबाइलवर खाजेबद्दल मिळेल ते वाचत होते. (वाचताना खाजायला लागतं. दुसऱ्याला खाजवताना बघूनही सुटते, यावर प्रयोग झालेले आहेत. तुम्हीही एव्हाना कुठेतरी हात नेला असेल.) जर्मन डॉक्टर सॅम्युएल हाफेनरेफर यांनी १६६० मध्ये केलेली खाजेची व्याख्या अजून दिली जाते: खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी संवेदना. पुढे बराच काळ खाज म्हणजे सौम्य वेदना, असं बरेच जण धरून होते. तसं असतं तर वेदना मारणाऱ्या मॉर्फिनने खाजही मेली असती. होतं उलटंच. कण्यात मॉर्फिन दिलं की दुखणं थांबतं आणि खाज सुटते. माझ्या जावेला सिझरनंतर नाक-तोंड खाजत होतं आणि आम्ही बाळंतिणीचा साबण बदलला होता, त्याचा उलगडा मला आत्ता झाला.

१९९७ मध्ये माणसाच्या त्वचेत हिस्टामिनला प्रतिसाद देणारे खास बारीक तंतू सापडले. हे ‘सी’ जातीचे तंतू, त्यांना वरून आवरण नसतं, त्यामुळे त्यांचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर, म्हणजे आपल्या चालण्याइतका. स्पर्शाची खबर नेणारे जाड तंतू त्यांच्या कैक पटींनी जलद. डास बसलेला आधी कळतो आणि खाज मागून येते. हे तंतू कण्यात, म्हणजे त्याच्या आतल्या मज्जारज्जूत, शिरतात, तिथल्या पेशींकडे निरोप देतात, निरोप कण्यातच दुसऱ्या बाजूला जातो आणि वर थॅलॅमस या मेंदूतल्या जंक्शनमार्गे सगळीकडे पसरतो. मेंदूत खाजेचं एकच असं केंद्र नाही: जागा ओळखणारे भाग वेगळे, वैताग आणणारे वेगळे, हात उचलायला लावणारे वेगळे. २००७ मध्ये झोउ-फेंग चेन यांच्या अमेरिकेतल्या गटाने दाखवलं की कण्यातल्या पेशींवरचं जीआरपीआर नावाचं एक ग्राही (पेशीवरचं निरोप पकडणारं प्रथिन) उंदरांत नसेल तर ते खाजवणं बरंच कमी करतात, वेदना मात्र त्यांना नेहमीसारखीच कळते.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते खाजवण्याबद्दलचं. नखांनी होते ती बारीकशी वेदनाच असते, आणि वेदनेची खबर कण्यात पोचली की तिथल्या काही पेशी खाजेची खबर दाबून टाकतात. म्हणून बरं वाटतं. थंडीही हेच करते, सासूबाईंच्या गारव्याचं गुपित ते. वर मेंदूतले सुखाचे भाग जागे होतात, म्हणून थांबवत नाही. पण नखांनी त्वचा चिडते आणि चिडलेली त्वचा नव्याने खाज पाठवते. रात्री त्वचा ऊबदार होते, सूज आवरणारं कॉर्टिसॉल उतरलेलं असतं आणि मनाला दुसरा उद्योग नसतो. हे कळल्यावर फूटपट्टी कपाटात गेली. फ्रीजमधली बर्फाची पिशवी पातळ टॉवेलात गुंडाळून पाठीखाली घ्यायला लागले. खाज गेली नाही, झोप मात्र लागायला लागली.

एमआरआय ऑक्टोबरमध्ये झाला. धातू काहीही चालत नाही हे माहीत होतं, मंगळसूत्र, बांगड्या घरीच ठेवल्या होत्या. तरी तिथल्या ताईंनी दारात अडवलं: “सेफ्टी पिना?” ओढणीला एक, पर्सच्या पट्ट्याला एक आणि कुर्त्याच्या आत एक निघाली. रोज लोकलने जाणाऱ्या बाईच्या अंगावर पिना किती असतात ते तिलाही माहीत नसतं. आत अर्धा तास ठकठकाट. पाठीला टेकून निजायचं आणि हलायचं नाही, आणि खाज तर तिथेच. सुरू व्हायच्या आधी ताईंना सांगितलं, त्यांनी चादरीची घडी त्या जागेखाली दाबून ठेवली. दाबाने बरंच निभावलं. तुम्हीही सांगा, लाजू नका.

रिपोर्टात मणक्यांमधल्या दोन चकत्या थोड्या झिजलेल्या, एक किंचित मागे सरकलेली. मला वाटलं चोर सापडला. न्यूरोलॉजीचे डॉक्टर म्हणाले, “पन्नाशीनंतर असे मणके निम्म्या डब्याचे निघतील, सगळ्यांना कुठे खाज आहे? हे कारण असू शकतं, आहेच असं मी लिहिणार नाही.” मला हे आवडलं. केस पेपरवरचं प्रश्नचिन्ह मात्र खोडलं गेलं, कारण हे निदान मुळात जागा, बोथट पिन आणि स्वच्छ त्वचा यांवरूनच होतं.

उपचार नोव्हेंबरपासून. कॅप्सायसिनचं मलम, म्हणजे मिरचीतलं तिखट. उष्णता आणि तिखट ओळखणारं ट्रिपव्ही१ हे ग्राही डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. मलम रोज लावलं की हे ग्राही असलेले तंतू पुन्हा पुन्हा चेतवले जाऊन थकतात आणि गप्प बसतात. पण आधी आग होते. पहिला आठवडा भयंकर. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच लावू नका. घामात वाढतं, म्हणून मी गाडीत जायच्या आधी लावत नाही. नवरा प्लास्टिकचा हातमोजा घालून लावतो. पहिल्या दिवशी मोजा न घालता लावलं आणि तासाभराने डोळा चोळला, त्यानंतर त्याला सांगावं लागलं नाही. दिवसातून तीन-चारदा, आठवडेच्या आठवडे लावलं तरच गुण येतो, अधूनमधून लावून नुसतीच आग.

सोबत रात्री गॅबापेंटिन, आधी १०० मिलिग्रॅम, मग ३००. ही गोळी मज्जातंतूंच्या टोकांना कॅल्शियम आत जाण्याची वाट आखडते, म्हणजे निरोप पुढे कमी जातात. सुरुवातीला गरगरलं, सकाळी जिना उतरताना कठडा धरत होते. मनाने बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची, असं बजावलंय. आणि फिजिओथेरपी: दोन्ही फरे मागे आणून धरायचे, भिंतीला पाठ लावून हात वर सरकवायचे. डबा, बाटली आणि छत्रीची पर्स आता उजव्या-डाव्या खांद्यावर आलटून-पालटून.

जानेवारीत खाज दिवसातून एखाद्या वेळेवर आली. आता मार्चमध्ये काही दिवस येतच नाही, उन्हातून आलं किंवा महिनाअखेरीला हिशेबात मान मोडली की येते. काळा डाग जायला वर्ष लागेल म्हणतात. गोळी कमी करायची का ते मेमधल्या तारखेला ठरेल. फिजिओथेरपीला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: आमच्या रुग्णालयात तिला जुना केस पेपर चालत नाही, नवा काढावा लागतो. खिडकी तीच, रांग वेगळी.